सभापतींच्या नव्या वहाणा

परदेशात शिकून आलेल्या डॉक्टर मृणालने परोपरीने सांगितलं, की पायांच्या जखमा आणि हत्तीरोगासाठी डोंगरवस्तीवर फिरता दवाखाना हवा. पंचायत समितीचे सभापती जगदाळे म्हणाले, "दवाखाना खाली गावात आहे. रुग्णांनी चालत यावं."

हत्तीरोगाने पाय सुजलेल्या, वस्तीवरच्या सगुणाकाकूंनी वाद घातला नाही. त्यांनी सभापतींना सत्काराला वस्तीवर बोलावलं, कोऱ्या करकरीत कोल्हापुरी वहाणा दिल्या आणि त्या घालूनच वस्ती बघायचा आग्रह केला.

अर्ध्या वाटेत वहाणा चावल्या. सभापती दगडावर टेकले आणि मागून येणाऱ्या मृणालला म्हणाले, "डॉक्टरीणबाई, पट्टी घेऊन इकडे या."

मृणाल निघाली, तोच काकूंनी तिचा हात धरला.

"दवाखाना खाली गावात आहे, साहेब. चालत जा की."

सभापती काकूंच्या सुजल्या पायाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मंजुरीचा कागद आणा."

मृणाल थक्क झाली. साहेबांच्या कानांत जे शिरलं नाही, ते काकूंनी पायांतून वर चढवलं होतं.