शेजारच्या घराची गरज

खोटं बोलता तुम्ही. घरातलं माणूस महिनाभर झोपलेलं नसतं, तरी कोणी विचारलं की सांगता, "आमच्याकडे सगळं ठीक आहे."

याच उत्तराच्या जोरावर सभापती आबासाहेब गावातला मंगळवारचा मानसोपचार दवाखाना बंद करण्याचा ठराव मांडत होते. "सर्व्हेत दोनशे घरांना विचारलं, असल्या डॉक्टरची गरज आहे का? एकानेही हो म्हटलं नाही. लोकांनाच नको, तर सरकारने पैसा का घालायचा?"

समुपदेशक शर्वरी सलग तिसऱ्या वर्षी हेच ऐकत होती. दवाखाना गेला की चाळीस जणांच्या गोळ्या थांबणार होत्या. समजावण्याचं त्राण आता तिच्यात उरलं नव्हतं. तिने कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला.

"त्याच दोनशे घरांना मी पुन्हा विचारलं, आबासाहेब. फक्त एवढंच, की शेजारच्या घराला गरज आहे का? प्रत्येकाने हो लिहिलं. आता कोणाच्याच शेजारी नाही असं एक घर दाखवा, आणि खुशाल दवाखाना बंद करा."

आबासाहेब खवळले. "माझ्या घराबद्दल असं लिहायची कोणाची हिंमत आहे?"

चहाचे कप उचलणारा म्हातारा शिपाई म्हादबा थांबला. "मी लिहिलंय, आबा. भिंतीला भिंत आहे आपली. रात्ररात्र तुमच्या येरझाऱ्या ऐकू येतात."