न ऐकलेल्या शब्दांचे रांजण

एका राज्यात एक अथांग तळे होते आणि त्याला दोन काठ होते. वरच्या काठाचे लोक सात पिढ्या नितळ पाणी पीत आले. खालच्या काठाला तळ्याच्या पायऱ्यांवर पाय ठेवण्याची बंदी होती. त्यांच्या वाट्याला येई ते धुण्याचे गढूळ पाणी. राजा धैर्यसेनाने ती बंदी उठवली, तेव्हा खालचा काठ म्हणाला, "एवढ्याने भागत नाही. आता सात पिढ्या पहिली घागर आमची." वरचा काठ म्हणाला, "पाप आजोबांचे, तहान आमच्या लेकरांना का?"

रोज सभा भरे, रोज आरडाओरडा होई, कोणी कोणाचे ऐकेना. तळ्यातल्या बेटावर कपिलजट नावाचा मांत्रिक तप करीत होता. त्या कोलाहलाने त्याचे तप मोडले. तो संतापून उठला आणि गरजला, "तुम्हांला ऐकायचेच नाही ना? मग आजपासून ज्याला जे पटते, तेवढेच त्याच्या कानी पडेल!"

तसेच झाले. समोरच्याचे ओठ हलताना दिसत, न पटणारा शब्द मात्र कानी पडत नसे. राजाला फक्त होकार ऐकू येऊ लागले आणि राज्यात सुख नांदते आहे असे त्याला वाटू लागले.

एके सकाळी खालच्या काठची येसाई नावाची वृद्ध कुंभारीण वाड्यात धावत आली. तळ्याचा बांध फुटतोय, असे ती जीव तोडून ओरडत होती. बांध मजबूत आहे अशी साऱ्यांची खात्री होती, म्हणून कोणालाच काही ऐकू आले नाही. येसाईने राजकन्या इंदुलेखेचा हात धरला आणि तिला ओढत बांधावर नेले. दगडांच्या सांध्यांतून पाणी बुडबुडत होते. राजकन्येचा चेहरा पांढराफटक पडला. तिने माणसांना हाका मारल्या. तिचेही कोणी ऐकेना. तेव्हा शाप उठवायला त्या दोघी होडीत बसून बेटावर गेल्या.

मांत्रिकाच्या गुहेत तीन रांजण होते आणि त्यांच्यावर एक साळुंकी बसली होती. ती बोलली आणि दोघींनाही ऐकू आले, कारण तिचे स्वतःचे मत काहीच नव्हते.

"न ऐकलेले सारे शब्द यांत कोंडले आहेत. पहिल्याचे झाकण उघडायचे, तर एकीने दुसरीचे म्हणणे मांडावे."

इंदुलेखा म्हणाली, "तुम्हांला सूड हवा आहे." येसाईला काहीच ऐकू आले नाही. "तुम्हांला आमचे पाणी हवे आहे." तरीही नाही. राजकन्या खाली बसली, तिने पुष्कळ विचार केला. मग सावकाश म्हणाली, "जे आमच्याकडून हिरावले, ते नुसती दवंडी पिटून परत येत नाही."

येसाईने झटकन मान वर केली. तिचे डोळे भरून आले. मग तीही अडखळत म्हणाली, "ज्याने हात लावला नाही, त्याला चोर म्हणू नये." राजकन्येने मान डोलावली. झाकण उघडले.

"आता आपापल्या बाजूची खोट सांगा," साळुंकी म्हणाली.

"पाप मी केले नाही," इंदुलेखा म्हणाली, "पण त्याचे नितळ पाणी मी आजही पिते."

"सात पिढ्या," येसाई म्हणाली, "हा आकडा मी रागाने काढला. उद्या जन्मणाऱ्या पोराची तहान माझ्याच तहानेसारखी असेल."

दुसरे झाकण उघडले. तिसरे मात्र साळुंकीने आपणच चोचीने सरकवले. "राजकन्ये, यातले शब्द कडू आहेत. झाकण पुन्हा दाबलेस, तर ही बाई कायमची मुकी होईल. तुला तेवढी सत्ता आहे."

आणि राजकन्येला येसाईचा आवाज प्रथमच, न पटणारा, स्वच्छ ऐकू आला. "तुझ्या पणजोबाने माझ्या आजीला पायऱ्यांवर चाबकाने फोडले. तुझ्या बापाने बंदी उठवली आणि स्वतःचीच मिरवणूक काढली. आमची माफी कोणी मागितली?"

इंदुलेखेचा हात झाकणावर गेला. बापाविषयी असे तिने कधी ऐकले नव्हते. पण तिने हात मागे घेतला. "बोला, येसाई. सगळे बोला."

तिन्ही रांजणांतून शब्द मधमाश्यांसारखे घोंगावत बाहेर पडले. दोन्ही काठांवर एकाच वेळी येसाईची सकाळची हाक दुमदुमली, "बांध फुटतोय! धावा!" माणसे धावली. कोण कुठल्या काठचा, हे विचारायला कोणाला उसंत नव्हती. दगड, माती, चिखल, जे हाती लागले ते त्यांनी कोंबले. तिसऱ्या प्रहरी पाणी थांबले आणि दमलेले लोक बांधावरच आडवे झाले, हसत, धापा टाकत.

लोक आता एकमेकांचे ऐकू लागले होते, म्हणून बेटावर कपिलजट पुन्हा निवांत तपाला बसला.

राजाने भर सभेत माफी मागितली. मग नऊ दिवस वाद झाला, आणि तो ऐकू आला. ठरले ते असे: खालच्या काठी राजाने नव्या विहिरी खोदाव्यात, त्यांना पाणी लागेपर्यंत पहिली घागर खालच्या काठाची, नंतर जो आधी येईल त्याची.

"मला हे निम्मेच पटले आहे," येसाई म्हणाली.

"मलाही," राजकन्या म्हणाली. "उद्या या, उरलेल्या निम्म्यावर भांडू."

"येते तर," म्हणून म्हातारीने पदर खोचला आणि वरच्या काठाच्या पायऱ्यांवरून, कोणी न अडवता, घरी गेली. त्या राज्यावरचा शाप असा सरला. तुमच्या-आमच्या कानांवरचाही असाच सरो.