निमसांगवीच्या घाटाला दार का नाही

निमसांगवी शहरात शिरवती नदी जिथे वळण घेते, तिथे काळ्या दगडाचा रुंद घाट आहे. घाटाच्या माथ्यावर हत्ती सहज आत जाईल एवढी कमान आहे, पण कमानीला दार नाही. दाराच्या खुंट्या ज्यात फिरायच्या त्या खळग्या मात्र उंबऱ्याच्या दगडात अजून दिसतात. पावसाळ्यात त्यांत पाणी साचतं आणि चिमण्या अंघोळ करतात.

शहर काही फार मोठं नाही. एक हातमागाची पेठ, दोन कॉलेजं, एक एसटी स्टँड आणि मधून वाहणारी नदी. संध्याकाळ झाली की निम्मं गाव घाटावर उतरतं. भेळेची गाडी असो की फुगेवाला, सगळे कमानीच्या बाहेर थांबतात. आत काही विकत मिळत नाही आणि कशाचे पैसेही पडत नाहीत. वारा आहे, पायऱ्या आहेत, पलीकडे नेऊन सोडणारी नाव आहे, कोपऱ्यात कुणी तबल्यावर हात साफ करत बसलेलं असतं. बाहेरगावचे लोक येतात ते सवयीनं खिशात हात घालून विचारतात, “तिकीट कुठं मिळतं?”

मग नामाजी तारू बाजेवरून उठून बसतात. घाटावरची नाव त्यांच्या घराण्यात किती पिढ्या आहे ते त्यांनाही नक्की ठाऊक नाही. आता ती त्यांचा पुतण्या चालवतो आणि नामाजी बोलायचं काम करतात. “तिकीट सिदोजीनं बंद केलं,” ते म्हणतात, आणि हकिकत सुरू होते.

असं सांगतात की तेव्हा निमसांगवीवर मानाजीराव नावाच्या सरदाराचा अंमल होता. माणूस वाईट नव्हता. त्याला मोठी कामं करून ठेवायची हौस होती. त्यानं हा घाट बांधायला काढला आणि काम बारा वर्षं चाललं. दगड सरकारचा, कारागीर सरकारचे, पण ओढायला हात हवेत म्हणून घरटी एक माणूस पाळीनं यायचा. कोष्टी आले, तेली आले, रंगारी आले. अशाच एका पाळीला एका कोष्ट्याच्या अंगावर दोर तुटून शिळा आली आणि तो अकराव्या पायरीवर जागच्या जागी गेला. त्याची बायको तान्हूबाई. पुढे देवीच्या साथीत तिचे डोळेही गेले. घाट पुरा झाल्यावर ती रोज दिवस कलताना काठी टेकत यायची, पायानं अकरा पायऱ्या मोजायची आणि बसायची. कुणी विचारलं तर म्हणायची, “पाणी ऐकायला येते.”

तिच्यासारखेच सगळे येत. दिवसभर मागावर वाकलेली माणसं पाठ सरळ करायला येत, सासुरवाशिणी घागरीच्या निमित्तानं येत. आणि तेच मानाजीरावाला खुपायला लागलं. आपण आईचे दागिने मोडून उभारलेल्या घाटावर कोणीही येऊन पाय पसरतो, हे त्याला पाहवेना. कारभाऱ्यानं सुचवलं आणि त्यानं मान हलवली. दसऱ्याला कमानीत सागवानी दार बसलं. एक तांब्याचा पैसा द्या आणि आत जा, असा हुकूम निघाला. पाणी भरणाऱ्यांना गावाबाहेरचा पाणवठा दाखवला.

दारावर सिदोजीला नेमलं. सिदोजी सरकारचा जुना शिपाई. एका लढाईत गुडघ्यात गोळी बसून पाय कायमचा आखडला होता. बायको वारलेली, मूलबाळ नाही. बसल्या जागेची चाकरी मिळाली, नवं पागोटं मिळालं, सावलीत चौरंग मिळाला. मानाजीरावानं आपली आठवण ठेवली म्हणून तो पहिले आठ दिवस छाती काढून बसत होता म्हणे.

तान्हूबाई पहिल्याच संध्याकाळी आली. तिची काठी दाराला लागली. तिनं हातानं लाकूड चाचपलं, खिळ्यांच्या टोप्या चाचपल्या.

“हे काय आलं मधी?” तिनं विचारलं.

“दार आहे, मावशी. पैसा लागतो आता.”

“बसायला?”

“व्हय. बसायला.”

ती दाराला पाठ लावून बाहेरच बसली. तिथूनही पाणी ऐकू येत होतं. अंधार पडायला लागला तसं ती उठली आणि म्हणाली, “उद्या सोडशील का रं आत?”

“उद्या बघू,” सिदोजी म्हणाला.

हे ‘उद्या बघू’ महिनाभर चाललं. तिला आत सोडायला काय हरकत होती, असं ऐकणारे विचारतात. नामाजी त्यावर सिदोजीची बाजू घेत नाहीत आणि त्याला दोषही देत नाहीत. आज एकीला सोडलं तर उद्या दहा जण उभे राहतील, वर कळलं तर चौरंग जाईल, आणि हा पाय घेऊन आपण कुठं जाणार, एवढंच सिदोजीच्या मनात होतं. तो तिच्याकडे बघायचं टाळायचा. पैसा देणारे येत, त्यांना तो वाकून दार उघडून देई.

कार्तिकात एका संध्याकाळी तान्हूबाई बसली आणि लगेच उठली. “सिदोजी, पाणी ऐकू येत नाही.”

त्याला वाटलं, म्हातारीचे आता कानही चालले. तरी तो लंगडत खाली गेला. शेवटची पायरी उघडी होती. तिच्याखालचा चिखल ओला होता आणि पाणी दोन हात पलीकडे गेलं होतं. कार्तिकात शिरवती दुथडी भरून वाहते. असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाणी चार हात लांब गेलं. पौषापर्यंत घाटापुढे नुसती वाळू राहिली. नदी आटली नव्हती. ती पलीकडच्या काठाला, परटांच्या धुण्याच्या दगडांना चिकटून पहिल्यासारखीच खोल वाहत होती. फक्त घाटाकडे तिनं पाठ फिरवली होती.

मानाजीरावानं शंभर बेलदार लावून चर खणला. सकाळी खणलेला चर संध्याकाळपर्यंत वाळूनं भरून येई. अभिषेक झाले, दानं झाली. पैसा देऊन वाळू बघायला कोण येणार? दार मात्र बंदच राहिलं, कारण हुकूम मागे घेतला तर चूक कबूल केल्यासारखं होईल. फाल्गुनात अलीकडच्या विहिरींचा तळ दिसू लागला आणि नदीवरून वाळू तुडवत आणलेल्या घागरी प्यायलाही पुरेनात. रंगाऱ्यांच्या पिंपांत पाणी नाही म्हणून सूत रंगेना, सूत नाही म्हणून माग थांबले. चैत्रात पहिल्या चार बिऱ्हाडांनी बैलगाड्या भरल्या आणि पेठ सोडली.

त्या गाड्या सिदोजीसमोरून गेल्या. एका गाडीवर उलटा बांधलेला माग होता. गाडीवाला कोष्टी त्याच्या ओळखीचा. एरवी राम राम घालायचा. त्या दिवशी त्यानं नुसतं दाराकडे पाहिलं आणि बैलांना टिचकारी दिली. सिदोजीला ते लागलं. हुकूम सरकारचा होता, पण अडसर रोज आपल्या हातानं सरकत होता, हे त्याच्या पहिल्यांदा ध्यानात आलं.

तान्हूबाई अजून येतच होती. पाणी ऐकू येत नव्हतं तरी येऊन बसत होती. सिदोजी चौरंगावरून उतरून तिच्याशेजारी जमिनीवर बसला.

“मावशी, नदीला काय पाहिजे असेल?”

“मला काय विचारतोस?” ती म्हणाली. “मी तर बाहेर बसलेली.”

त्या रात्री त्याला झोप आली नाही, एवढंच सांगतात. सकाळी तो वाड्यावर गेला आणि दार काढायची परवानगी मागितली. मानाजीराव संतापला. “दाराला हात लावशील तर हात राहणार नाही,” असं तो म्हणाला. सिदोजीनं मुजरा केला, डोक्यावरचं पागोटं काढून सदरेवर ठेवलं आणि बोडकाच बाहेर पडला.

बाजाराचा दिवस होता, चैत्राचं ऊन होतं. सिदोजीनं पहार आणली आणि भर दुपारी दाराच्या खुंटीत घातली. एकट्या लंगड्या माणसाला ते हलणार कसं? पहार घसरली, तळहात सोलले. लोक जमले आणि लांब उभे राहून बघत राहिले. कुणाची पुढं व्हायची हिंमत होईना. मग गर्दीतून काठीचा आवाज आला. तान्हूबाईनं येऊन दाराला हात लावला आणि विचारलं, “कुठल्या बाजूला ढकलायचं?”

तिच्यात बळ ते किती असणार. पण ती पुढं आली म्हणून एक रंगारी आला, मग दोन कोष्टी आले, मग कोण कोण आलं ते कुणी पाहिलं नाही. एक फळी उखडली आणि पायऱ्यांवरून दणदणत खाली वाळूत जाऊन पडली. दुसरी तिच्यामागे गेली.

तेवढ्यात मानाजीराव घोड्यावरून आला. सगळे मागे सरले. सिदोजी कमानीत उभा राहिला. त्याचे हात रक्तानं माखले होते.

“कुणी काढलं?”

“मी, सरकार. लावलंही मीच होतं.”

जुना शिपाई म्हणून मानाजीरावानं त्याचे हात तोडले नाहीत. त्यानं दुसरी शिक्षा दिली. सिदोजीला त्याच दाराच्या फळीवर बांधा, वाळूत उन्हात ठेवा, आणि दार परत बसवतो म्हणेल तेव्हाच सोडा. फक्त पाणी पाजायला कुणाला अडवू नका, असंही तो जाता जाता म्हणाला.

पहिल्या दिवशी सिदोजी फळीवर पडून होता. वाळू तव्यासारखी तापली होती. तान्हूबाई पाण्याचं भांडं घेऊन कमानीतून आत आली, पायानं पायऱ्या मोजत उतरली, त्याला पाजलं आणि परत जाऊन आपल्या अकराव्या पायरीवर बसली. तिला बसलेली पाहून पाणी द्यायला आलेले दुसरेही बसले. माणसाला असं एकटं टाकून घरी कसं जायचं, असं प्रत्येकाला वाटलं. दुसऱ्या दिवशी पेठेतली माणसं आली. विहिरीतलं तळाचं घोट घोट पाणी प्रत्येक घरून आलं. तिसऱ्या दिवशी परीट पलीकडून नदी पोहून, वाळू तुडवत आले. घाट माथ्यापासून तळापर्यंत भरला. कुणी गाणं म्हटलं नाही, कुणी घोषणा दिली नाही. लोक नुसते बसले होते.

सिदोजीला तोपर्यंत नीट दिसत नव्हतं. पहाऱ्यावरचा शिपाई दर थोड्या वेळानं विचारत होता, “लावतो म्हणतोस का?” आणि तो नाही म्हणून मान हलवत होता. पायऱ्यांवर इतकी माणसं त्यानं कधी पाहिली नव्हती. ती खरी आहेत की उन्हानं दिसतात, हे त्याला कळेना.

दिवस कलला तेव्हा तान्हूबाई उभी राहिली. “गप्प बसा सगळे,” ती म्हणाली. लोक गप्पच होते. “ऐका की.”

आधी कुणाला काही ऐकू आलं नाही. मग वाळू ओली झाली. आभाळात ढग नव्हता, वरच्या अंगाला कुठं पाऊस नव्हता, आणि शिरवती वाळूवरून पसरत, हळूहळू, घरी परतणाऱ्या गाईसारखी घाटाकडे येत होती. पाणी फळीखाली शिरलं. फळी उचलली गेली. सिदोजी बांधलेल्या अवस्थेत तरंगायला लागला आणि पाण्यानं त्याला अलगद आणून शेवटच्या पायरीला लावलं. माणसांनी दोर सोडले. दोर सोडवणाऱ्यांत मानाजीरावाचे शिपाईही होते म्हणे.

वरच्या अंगाच्या एखाद्या बांधाला भगदाड पडलं असेल, असं हल्लीचे शिकलेले लोक म्हणतात. नामाजी त्यांच्याशी वाद घालत नाहीत.

मानाजीराव वाड्याच्या सज्जातून हे बघत होता. तो पायी आला, कमानीशी जोडे काढले आणि उतरायला लागला. तो काय करणार ते कुणाला कळेना. त्याला खाली बसायचं होतं, पण आपण बांधलेल्या घाटावर त्याला जागा सापडेना. पायरी न् पायरी भरलेली. सरदार तसाच, हात बाजूला सोडून, दोन पायऱ्यांच्या मध्ये उभा राहिला. सगळे त्याच्याकडे बघत होते.

अकराव्या पायरीवर तान्हूबाईच्या कानावर अनोळखी पावलं आली. कोण आहे ते तिला दिसत नव्हतं. ती थोडी सरकली, शेजारचा दगड हातानं झाडला आणि म्हणाली, “बसा.”

मानाजीराव बसला.

दार परत लागलं नाही. त्या फळ्या जोडून पहिली नाव झाली आणि सिदोजी मरेपर्यंत ती चालवत राहिला. वल्हं मारायला त्याच्या पायाची काही अडचण नव्हती. नदी उतरवून देण्याबद्दल त्यानं कधी काही घेतलं नाही. नामाजींचं घराणं त्याच्या नात्यातलं की त्यानं नावेवर ठेवलेल्या तारूचं, म्हणजे नावाड्याचं, याबद्दल पेठेत दोन मतं आहेत.

आजही निमसांगवीच्या घाटावर संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. आजही कुणी परका माणूस पायऱ्यांवर घुटमळताना दिसला की जवळचा माणूस, मग तो वकील असो की हमाल, गप्पा न थांबवता थोडा सरकतो, शेजारचा दगड हातानं झाडतो आणि म्हणतो, “बसा.” नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. पाहुणा बसला की सगळे पुन्हा नदीकडे बघायला लागतात.