पंचांपुढचे पाणी

फार जुन्या काळची ही गोष्ट आहे. ज्या राज्यात ती घडली, तिथल्या एका जुन्या राजाचे नाव आता कुणाला आठवत नाही. त्याने घालून दिलेल्या दोन रीती मात्र तो गेल्यावरही पुष्कळ पिढ्या चालू राहिल्या. दोन्ही रीती चांगल्या हेतूने घातलेल्या होत्या. हे आधीच सांगून ठेवायला हवे, कारण पुढे जे घडले ते कुणाच्या दुष्टपणामुळे घडले नाही.

पहिली रीत अशी, की न्याय उघड्यावर व्हावा. गावाच्या मधोमध पांढऱ्या दगडांचा एक चौथरा होता. भर दुपारी, माणसाची सावली त्याच्या पायाखाली येते त्या वेळी, पाच पंच तिथे बसत. वर छप्पर नाही, बाजूला भिंत नाही. "न्यायाला आडोसा नको," असे तो राजा म्हणत असे.

दुसरी रीत अशी, की तुरुंग बांधायचा नाही. "तुरुंग बांधला, की तो भरायला माणसे शोधावी लागतात," असे त्याचे म्हणणे होते. म्हणून ज्याच्यावर आरोप असेल त्याला एका जुन्या पेवात ठेवत. पेव म्हणजे जमिनीखालचे धान्याचे कोठार. तोंड अरुंद, आत शिडीने उतरायचे, आणि वर दगडी झाकण. मानाच्या माणसाला मात्र पेवात उतरवत नसत. त्याच्या घरीच पहारा बसे.

प्रत्येक पंचापुढे पाण्याने भरलेली एक वाटी असे. माणूस दोषी वाटला, तर पंच ती वाटी दगडावर पालथी करी. तीन वाट्या पालथ्या झाल्या, की त्या माणसाला सूर्य मावळायच्या आत नदीपलीकडच्या रानात सोडून येत. त्या रानातून परत आलेले कुणी नव्हते.

पंच माणसे भली होती. लाच खाणारी नव्हती. माणूस ओळखण्याची त्यांची एक खूण होती, ती त्यांना वाडवडिलांकडून मिळाली होती. निर्मळ माणूस डोळ्याला डोळा भिडवतो आणि चोराच्या मनात चांदणे असते, एवढी ती खूण. म्हणून ते आरोपीच्या डोळ्यांकडे बारकाईने बघत.

पेवातून वर आलेला एकही माणूस आजवर सुटला नव्हता. पंचांना याचे नवल वाटत नसे. आपले शिपाई नेमका माणूस धरून आणतात, असे ते अभिमानाने सांगत.

एका वर्षी सुगी संपता संपता गावाच्या खळ्यावरची कडब्याची गंजी पेटली. गंजीच्या आडोशाला राखणदार झोपला होता. सकाळी लोकांना तो सापडला तेव्हा त्याच्या बायकोला कुणी पुढे जाऊ दिले नाही.

संशय दोघांवर आला. एक होता वाखाचे दोर वळणारा तरुण. कडब्यावरून त्याचे राखणदाराशी भांडण झाले होते, आणि खळ्याजवळ त्याच्या हातचा दोर सापडला होता. दुसरा होता गढीवरच्या सरदाराचा धाकटा भाऊ. राखणदाराने त्याची घोडी खळ्यातून हाकलली होती, आणि "तुला बघून घेईन" असे तो चारचौघांत बोलला होता. दोरवाला पेवात गेला. धाकटे सरकार गढीत राहिले.

सुनावणीच्या दिवशी सगळे गाव चौथऱ्याभोवती जमले. राखणदाराची बायको पुढेच बसली होती. तिच्या शेजारी जागा सोडून दोरवाल्याची म्हातारी आई उभी होती.

आधी धाकटे सरकार आले. न्हालेले, कपाळाला गंध, अंगावर धुतलेला अंगरखा. एकेका पंचाच्या डोळ्यांत बघत ते शांतपणे म्हणाले, "रागाच्या भरात बोललो खरा. पण आग लावणे मला शोभत नाही." पंचांनी माना डोलावल्या. एकही वाटी हलली नाही.

मग शिपायांनी दोरवाल्याला पेवातून वर काढले. तो चौथऱ्यावर उभा राहिला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले. शिपायाने हात खाली ओढले, तसे त्याचे डोळे मिटले. उघडले, ते जमिनीकडे. डोळ्यांतून पाणी वाहत होते. केसांत पेवातला कोंडा होता. धान्याची कुसे अंगात रुतली होती, म्हणून तो सारखी मान खाजवत होता.

"बघा, बघा!" राखणदाराची बायको ओरडली. "मान वर करवत नाही त्याला!"

दोरवाला बोलला. बराच वेळ बोलला. मग वाट्या पालथ्या झाल्या. एक, दोन, तीन, चार. शेवटची वाटी थोरल्या पंचांची होती. त्यांनी त्या तरुणाच्या डोळ्यांकडे पुन्हा एकदा पाहिले आणि आपलेही पाणी ओतून टाकले. तापलेल्या दगडावर ते लगेच वाळले.

म्हातारी रडली नाही. ती पुढे आली आणि थोरल्या पंचांना म्हणाली, "बाबा, त्याची घोंगडी खालीच राहिली. रानात थंडी असते. तेवढी वर काढून द्या."

थोरल्यांनी शिपायाकडे पाहिले. शिपाई म्हणाला, "मी नाही उतरत. वर आलो की दिवसभर अंग खाजतं. तसंही रानात त्याला घोंगडी लागणार तरी किती दिवस?"

दोघेतिघे हसले. थोरल्यांना लाज वाटली. "थांबा बाई," ते म्हणाले, "मी आणतो."

ते वयस्कर होते. शिडी उतरता उतरता त्यांना दम लागला. खाली डोळ्यांत बोट घातले तरी दिसत नव्हते. घोंगडी चाचपत ते भिंतीच्या कडेने फिरले, तेव्हा एके जागी पायाखालची जमीन गुळगुळीत लागली. माणसे टेकून बसून बसून तशी झाली होती. थोरले तिथेच श्वास घ्यायला बसले. हळूहळू त्यांना अंधारातले दिसू लागले. घोंगडी त्यांच्या शेजारीच घडी घालून ठेवलेली होती.

ती खांद्यावर टाकून ते वर आले. पेवाच्या तोंडातून डोके बाहेर निघाले आणि दुपारचे ऊन त्यांच्या डोळ्यांत सुईसारखे घुसले. ते चौथऱ्याजवळ आले ते खाली मान घालून, डोळे पुसत, गळा खाजवत.

पंचांत एक थट्टेखोर तेली होता. तो मोठ्याने म्हणाला, "काय थोरले! काय चोरून आणलंत? चेहरा तर तसाच झालाय!"

सगळे गाव हसले. थोरले हसले नाहीत.

"तू कुठे आहेस?" त्यांनी विचारले.

"हा काय, तुमच्या पुढ्यात."

"मी तुझ्याकडे बघतोय?"

"छे! जमिनीकडे बघताय."

"मला तुझ्याकडे बघायचे आहे," थोरले म्हणाले. "मला बघता येत नाही."

हसू थांबले. थोरल्यांनी चाचपत आपली पालथी वाटी शोधली आणि सरळ करून ठेवली. सूर्य मावळेपर्यंत पंचाला आपले मत मागे घेता येत असे, आणि एकाने जरी ते मागे घेतले, तरी सुनावणी पुन्हा घ्यावी लागे. मग ते म्हणाले, "या पोराला आज त्याच्या घरी झोपू द्या. पहारा ठेवा. उद्या पुन्हा बसू."

तेली कुजबुजला, "थोरले, उतरलात कशाला खाली! आणि निर्मळ माणसाला अंधार काय करणार?"

हे शब्द धाकट्या सरकारांनी ऐकले. आधीच त्यांना ही चालढकल आवडली नव्हती. ते पुढे होऊन म्हणाले, "बरोबर बोललास. काय करणार? मी उतरतो पेवात. उद्या दुपारी बघा माझे डोळे!"

त्यांना कुणी सांगितले नव्हते. ते आपणहून उतरले.

दुसऱ्या दिवशी दोरवाला न्हाऊन आला. आईने त्याच्या केसांतला कोंडा काढला होता. तो चौथऱ्यावर ताठ उभा राहिला आणि पंचांकडे पाहू लागला. त्यानंतर धाकट्या सरकारांना पेवातून वर काढले. ते दोन पावले चालले आणि अडखळले. अंगरखा चुरगळला होता, गंध पुसले होते, डोळ्यांना धार लागली होती. त्यांनी मान वर करायचा प्रयत्न केला. ती पुन्हा खाली गेली.

"हाच तो!" गर्दीतून आवाज उठला. "बघा कसा नजर चोरतोय! कालचा पोरगा निर्मळ होता!"

चार पंचांचे हात वाट्यांकडे गेले.

"थांबा," थोरले म्हणाले. "काल याचे डोळे बघून याला घालवत होतो. आज त्यांचे डोळे बघून त्यांना घालवणार. मग आपण शिकलो काय? कालचीच चूक दुसऱ्या माणसावर करायला?"

वाट्यांकडे गेलेले हात मागे आले.

"हा पोरगा काल बराच वेळ बोलला," थोरले पुढे म्हणाले. "काय बोलला, कुणाला आठवते?"

पंच एकमेकांकडे बघू लागले. एकालाही आठवेना. थोरल्यांनाही आठवत नव्हते.

शेवटी म्हातारीच म्हणाली, "शेजारच्या वाडीत विहिरीत बैल पडला होता. दोर घेऊन गेला होता तो. रात्रभर तिथेच होता. सांगितलं की त्याने तुम्हाला."

"सांगितले," थोरले म्हणाले. "आपण ऐकले नाही. आपण बघत होतो."

त्यांनी पंचांना बोलणाऱ्याकडे पाठ फिरवून बसायला सांगितले. एक माणूस वाडीला धाडला. तो बैलाच्या मालकाला घेऊन आला. मालक म्हणाला, "रात्रभर होता हा आमच्यात. हातांची सालं निघाली होती त्याची. खळ्यावर दोर सापडला म्हणता? अहो, गावात बांधायला दुसऱ्या कुणाचा दोर आहे?"

गढीवर घोडे सांभाळणारा मोतद्दार बोलला, वैद्य बोलला. त्या रात्री धाकट्या सरकारांना ताप होता आणि दोघे जण त्यांच्या उशाशी बसून होते. हेही आजवर कुणी विचारले नव्हते.

"मग आग लावली कुणी?" तेली पाठमोराच म्हणाला. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

राखणदाराची बायको उठून उभी राहिली. तिने आधी दोरवाल्याकडे पाहिले, मग धाकट्या सरकारांकडे. ते अजून डोळे पुसत होते.

"काल मला याच्या तोंडावर दिसलं, की यानेच मारलं," ती म्हणाली. "आज यांच्या तोंडावर तेच दिसलं. अगदी तसंच." मग ती म्हणाली, "माझ्या माणसाला चिलीम ओढल्याशिवाय झोप येत नसे. कडब्यात ओढू नका, म्हणून मी रोज भांडायचे. त्या रात्रीही भांडले होते. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. मला कुणाचा तरी चेहरा हवा होता."

ती खाली बसली. तिच्या आणि म्हातारीच्या मध्ये जी जागा होती, ती ओलांडून म्हातारी तिच्याजवळ गेली आणि शेजारी बसली.

त्या दिवशी एकही वाटी पालथी झाली नाही.

संध्याकाळी थोरले नदीपलीकडे गेले. आजवर ज्यांना त्यांनी रानात धाडले होते, त्यांना ते शोधू लागले. पुष्कळ दिवसांनी ते परतले तेव्हा त्यांच्याबरोबर एकच माणूस होता, म्हातारा झालेला. बाकीच्यांचे काय झाले, ते त्यांना कुणी विचारले नाही, आणि त्यांनी सांगितले नाही. ते पुन्हा चौथऱ्यावर बसले नाहीत.

गावाने पेव मातीने बुजवले. आरोपी कुणीही असो, गरीब असो की मानाचा, त्याच्या घरीच पहारा बसू लागला. पंच चौथरा सोडून चिंचेच्या सावलीत बसू लागले. आणि वाट्यांची रीत राहिली, पण बदलली. आता सुनावणीच्या आधी थोरल्या पंचाच्या जागी जो बसेल, तो आपल्या पुढची वाटी उचलून आरोपीच्या हातात देतो आणि म्हणतो, "डोळे धू. बस. मग सांग. आम्ही ऐकतो आहोत."

तात्पर्य: माणसाचा निवाडा त्याच्या दिसण्यावरून करू नये, त्याचे म्हणणे ऐकून करावा, कारण त्याच्या चेहऱ्यावर जो दोष दिसतो, तो कित्येकदा आपणच तिथे ठेवलेला असतो.