तांब्याभर हिरवं पाणी

“…पण माई, गंगा घातलेलं पाणी हिरवं होईलच कसं?”

शालनताईंनी तांब्याच्या तोंडाचं फडकं सोडलं आणि तांब्या पायरीवर ठेवला. घरून तासभर गाडीत मांडीवर धरून आणला होता, थेंब सांडू दिला नव्हता.

देवळापुढचं कुंड राखणाऱ्या अंबूमाई वरच्या पायरीवर बसून काथ्याने शेवाळ खरवडत होत्या. त्यांनी वाकून तांब्यात पाहिलं. वास घेतला.

“किती दिवसांचं?”

“एकवीस.”

“हं…” म्हणून माई पुन्हा खरवडायला लागल्या.

शालनताई थांबल्या. इतकी मोठी शंका घेऊन आल्या होत्या, निदान हातातला काथ्या तरी खाली ठेवावा असं त्यांना वाटलं. सोळा सोमवार, शुक्रवार, चतुर्थी, एकही कधी चुकवलेला नाही. बायका व्रताचं काही अडलं की त्यांच्याकडे विचारायला येत. आज त्याच विचारायला आल्या होत्या, आणि माईंचं लक्ष शेवाळात.

मग त्यांनीच पहिल्यापासून सांगितलं.

चार महिन्यांपूर्वी वसंतरावांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, अर्धांगाचा झटका आला. उजवा हात सावरला, उजवा पाय मागे राहिला. डॉक्टर म्हणाले, रोज छातीइतक्या पाण्यात चालवा, पाण्यात अंग हलकं होतं. जे परत यायचं ते बहुतेक सहा महिन्यांत येतं.

मुलगा केदार हौशी. त्याने बंगल्यामागे पोहण्याचा तलाव बांधून घेतला. आधी आंब्याखाली बांधणार होता. शालनताईच म्हणाल्या, पालापाचोळा पडेल, उन्हात घ्या. खोल कुठेच नाही, एका टोकाला कमरेइतका, दुसऱ्या टोकाला छातीइतका. पायऱ्या रुंद, बाजूला धरायला दांडा, तळाला पाय न घसरणाऱ्या खरबरीत फरश्या. पाणी गाळायला मोटार आणि वाळूची टाकी.

“चांगलं केलं पोराने,” माई म्हणाल्या.

“पूजेच्या दिवशी मी काशीहून आणलेला गंगेचा गडू त्यात सोडला. सगळा.”

“बरं.”

“दुसऱ्या दिवशी तलावाची देखभाल करणारा रफीक आला. नळीत पाणी घेऊन त्यात थेंब टाकतो, रंग बघतो आणि औषध घालतो. मी म्हटलं, बाबा, आता हे तीर्थ आहे, यात औषध नको.”

“ऐकलं त्याने?”

“डोकं खाजवत उभा राहिला. मग म्हणाला, काकू, निदान वाळू धुऊ द्या. म्हणजे काय, तर पाणी उलटं फिरवून वाळूतली घाण बाहेर सोडायची. कुठे सोडतोस विचारलं, तर म्हणाला गटारात.” शालनताईंचा आवाज चढला. “गंगा गटारात सोडू, माई? मोटारच बंद करायला लावली.”

माईंच्या ओठांचा कोपरा जरा हलला.

“आणि वसंतराव?”

“ते…”

“चालले का पाण्यात?”

“तीर्थात पाय कसा घालायचा?”

काथ्या थांबला.

“ते काय म्हणतात?”

“तू म्हणतेस तसं, म्हणतात. खुर्ची टाकून बसतात सकाळी काठावर. मी समोर बसून जप करते.”

“म्हणजे दोघंही काठावर,” माई म्हणाल्या, “आणि पाणी एकटंच आत.”

शालनताईंना हसावं की रुसावं कळेना.

“माई, तुमच्या कुंडातही तीर्थच आहे की. हे कसं नाही हिरवं होत? तुम्ही यात काय घालता?”

“घालत काहीच नाही. काढते.” माईंनी शेवाळाचा गोळा बाजूला टाकला. “वरून झरा येतो, खालच्या मोरीतून जातो. मोरी तुंबली की मी बसते तिथे काटकी घेऊन. चैत्रात जत्रा असते तेव्हा पंचायतीचा माणूस पावडर टाकून जातो.”

“कुंडात? पावडर?”

“मग. कुठून कुठून माणसं येतात, खरूज-नायटे घेऊन येतात. देवाने अजून काही तक्रार केलेली नाही.”

शालनताईंनी कुंडाकडे पाहिलं. तळाचा दगड न् दगड दिसत होता. एक पिवळं पान मोरीकडे सरकत होतं, कुणी हलकेच ढकलावं तसं.

“घरात बाळकृष्ण आहे ना तुझा?” माईंनी विचारलं.

“आहे.”

“सकाळी न्हाऊ घालतेस. त्या पाण्याचं काय करतेस?”

“तीर्थ म्हणून घेतो आम्ही. उरलेलं तुळशीला.”

“ठेवून देत नाहीस? दुसऱ्या दिवशी तेच वापरायला?”

“शिळं कसं वापरेन, माई? रोज ताजं.”

“बरोबर,” माई म्हणाल्या. आणि पुन्हा शेवाळाकडे वळल्या.

…

शालनताईंच्या कपाळावर बारीक आठी पडली. म्हणजे काय, माई? असं त्या विचारणार, तोच माईंनी पुढचं विचारलं.

“काशीला गंगेत उतरलीस?”

“उतरले नाही. भीती वाटली. खालच्या पायरीवर बसून तांब्याने डोक्यावर घेतली.”

“पाय कुठे होते तुझे?”

“पाय…”

घाट डोळ्यांपुढे आला. थंडगार पाणी, बोटांमधून जाणारी एक झेंडूची पाकळी. पाय घोट्याच्या वरपर्यंत आत होते. कुणी काही म्हटलं नव्हतं. गंगेनेही नाही.

“पाण्यात होते,” शालनताई हळूच म्हणाल्या.

माई खरवडत राहिल्या.

“डॉक्टर म्हणाले असतील, हात धरायला कुणीतरी हवं.”

“हो. व्यायामाची बाई चार दिवस येऊन शिकवणार. पुढे रोज घरच्याच माणसाने धरायचं.”

“केदार?”

“तो सात वाजता कामावर जातो. सूनबाईंची शाळा सकाळची.”

“मग कोण धरणार?”

कुंडावर एक चतुर येऊन टेकला, उडाला, पुन्हा टेकला.

“मी,” शालनताई म्हणाल्या.

“हं…”

“सूनबाईंनी पाण्यातले कपडे आणलेत माझ्यासाठी. चांगले आहेत, अंगभर आहेत. कपाटात ठेवलेत.” त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. “लग्नानंतर कधी पाण्यात उतरले नाही मी. आणि ते केवढे उंच. तोल गेला आणि माझ्याच हातातून पडले, तर… माझ्याच हातून, माई.”

शेवटचे शब्द त्यांचे त्यांनाच नवीन वाटले. एकवीस दिवसांत त्या हे कुणालाच बोलल्या नव्हत्या. बाळकृष्णालासुद्धा नाही.

माईंनी काथ्या खाली ठेवला. तांब्या उचलला, दोन पावलं चालून मोरीच्या कडेच्या केळीच्या बुंध्याशी ओतला.

“माई, गंगा होती ती…”

“केळीला चालते.”

मग त्यांनी लुगड्याचा काचा घट्ट केला, काठाला टेकवलेली जाळी उचलली आणि दुसरा हात पुढे केला.

“ये. खाली मध्यावर शेवाळ राहिलंय.”

“मी? आत?”

“मी एकटी कशी जाऊ या वयात?”

शालनताईंनी इकडेतिकडे पाहिलं. देवळाच्या ओट्यावर एक कुत्रं झोपलं होतं, बाकी कुणी नव्हतं. त्यांनी चपला काढल्या. मग नमस्कार करावा म्हणून वाकल्या, पाण्याला बोटं लावून डोळ्यांना लावली. माई हात तसाच पुढे धरून उभ्या होत्या.

पहिली पायरी. दुसरी. पाणी पोटऱ्यांना लागलं तेव्हा त्यांनी माईंचा हात घट्ट धरला. साडी फुगून वर आली, ती एका हाताने दाबवेना.

“राहू दे तिला,” माई म्हणाल्या. “भिजली की बसते आपोआप.”

बसली खरंच.

कमरेइतक्या पाण्यात आल्यावर शालनताईंच्या ध्यानात आलं. त्यांना वाटत होतं माईंनी त्यांना धरलंय. माईंचा सगळा भार त्यांच्याच मनगटावर होता. पक्ष्याएवढा भार, पण थरथरता. माईंचा डावा पाय दगडावरून सरकला, आणि विचार करायच्या आत शालनताईंचा दुसरा हात त्यांच्या पाठीमागे गेला, आणि पाण्याने अर्धं ओझं उचलून धरलं.

“पडत होतात की, माई.”

“होय की. दोन वर्षं उतरले नव्हते. भीती वाटते एकटीला.”

दोघी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या. माई जाळीने शेवाळ ओढत होत्या, शालनताई पाऊल मोजून टाकत होत्या. आधी त्यांनी स्वतःचं पाऊल बघितलं, मग माईंचं. वळताना थांबायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. आपोआप थांबल्या. तेवढ्यात पाणी गढूळ झालं, आणि त्या बघत होत्या तेवढ्यातच मोरीकडे वाहत जाऊन पुन्हा निवळलं.

“कुठे जातं हे पुढे, माई?”

“खालच्या शेताला.”

“आणि तिथून?”

“मला काय ठाऊक. मी कधी विचारलं नाही त्याला.”

शालनताई हसल्या. पाण्यात हसलं की पाणी हलतं हे त्यांना कित्येक वर्षांनी दिसलं.

वर येऊन त्यांनी पदर पिळला. अंगाला वारा लागत होता आणि तरी घाई वाटत नव्हती. पर्समधून फोन काढून त्यांनी रफीकला लावला.

“रफीक, उद्या येतोस का बाळा? हो, औषध घेऊन ये. आणि ती वाळू धुवायची ती पण धू… किती दिवसांनी उतरता येईल? …पाणी नितळ दिसेपर्यंत उतरायचं नाही, बरं. …नाही, गटारात नको. औषध घालायच्या आधी ते पाणी आंब्याला सोडता येईल का, बघ.”

फोन ठेवून त्या रिकामा तांब्या घेऊन माईंसमोर आल्या. पाया पडल्या.

“माई, तलाव स्वच्छ झाला की पुन्हा पूजा करते. माझी गंगा तर संपली. तुमच्या कुंडातलं तांब्याभर तीर्थ द्याल? तेच सोडते त्यात.”

माईंनी तांब्या हातात घेतला. आत पाहिलं. मग तो तसाच रिकामा, उपडा करून शालनताईंच्या हातात परत दिला.

“तूच आण. वसंतराव ज्या दिवशी तुमच्या तलावात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतील ना, त्या दिवशी त्यांच्या पायाखालचं तांब्याभर इकडे घेऊन ये. आमच्या कुंडात अजून कुणी गंगा घातलेली नाही.”