सरकारांची खुर्ची आणि दोन पळ्या तेल

"कुणीतरी माझं इंजिन मारलंय!" धक्क्यावर उभे राहून सरकार गरजले. "एकदा नाही, तीनदा! पिस्टन असा अडकतोच कसा? ज्याचे हे उद्योग असतील, त्याला महिनाभर ही होडी वल्हवायला लावीन! हाताला फोड आले तरी सोडणार नाही!"

धक्क्यावर पंधरा-वीस माणसं होती. सगळी आपापली जाळी नि टोपल्या आवरायला लागली.

सुगंधा तारी मात्र ओठ चावून हसू दाबत होती. कारण इंजिन कोण मारतंय, हे अख्ख्या वाडीला ठाऊक होतं!

सरकार म्हणजे दाजीसाहेब सरदेसाई. राज्य कधीच गेलं होतं. उरली होती खाडीवरची फेरीची होडी, तिच्या मागचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन आणि सरकारांचा आवाज. सरकारांचा कुणावर विश्वास नसे. इंजिनाचं तेल त्यांच्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली जानव्याला. दर सोमवारी ते स्वतः धक्क्यावर येत आणि देवघरातल्या चांदीच्या, वाटीएवढ्या मोठ्या पळीनं पेट्रोलच्या डब्यात तेल ओतत. पाच लिटरला दोन पळ्या. पण यंदाच्या जत्रेत त्यांनी कुणाचं तरी नवं कोरं इंजिन बघितलं. धूर कमी, तेल निम्मं! दुसऱ्या दिवसापासून इथेही दोनाची एक पळी झाली.

आता हे त्यांना सांगणार कोण?

"जनार्दन!" सरकार सुगंधाच्या बापाकडे वळले. वीस वर्षं तो ही होडी चालवत होता. "इंजिन दुरुस्त होऊन आलंय. उद्या मी स्वतः होडीत बसणार. पलीकडे जायचं आणि परत यायचं. इंजिन अडकलं, तर तू घरी बसायचं! आणि मला धूर दिसला, तरीही घरी बसायचं! माझी तीन धोतरं काळी झालीत."

जनार्दनचा चेहरा पडला. तेल कमी घातलं तर इंजिन अडकणार, पुरेसं घातलं तर धूर येणार. जायचं कुठे?

"सरकार," सुगंधा पुढे झाली. ती आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि गप्प बसणं तिला कधी जमलंच नव्हतं. "तेल मी घातलं तर चालेल?"

"तू? चिमुरडी पोर!"

"पळी तुमचीच, तेल तुमचंच. नुसता हात माझा."

"घाल! पण अट लक्षात ठेव."

"तुम्हाला धूर दिसायचा नाही. पाठ झालीय, सरकार."

"अगो, काय केलंस हे?" घरी जाताना बाप कळवळला. "धूर काय मुठीत धरणार आहेस?"

"बाबा, तुम्ही फक्त इंजिन चालवा."

सकाळी सुगंधानं ताजं पेट्रोल आणलं. पाच लिटरच्या डब्यात आधी थोडं पेट्रोल, मग सरकारांनी कपाट उघडून पळीसकट गड्याबरोबर पाठवलेलं टू-स्ट्रोकचं तेल, एक पळी, दोन पळ्या. वरून उरलेलं पेट्रोल. झाकण घट्ट लावून तिनं डबा असा घुसळला, की धक्क्यावरच्या कोळणी म्हणाल्या, "ताक करतंस काय गो?"

सरकार आले. त्यांची वेताची खुर्ची नेहमी होडीच्या मागच्या टोकाला असे, तोंड इंजिनाकडे. जनार्दन काही लबाडी करतो का, यावर डोळा ठेवायला! आज बघतात तर खुर्ची पुढच्या टोकाला, तोंड पाण्याकडे आणि वर छत्री बांधलेली.

"हे काय?"

"मानाची जागा पुढेच असते, सरकार. मागे सामान ठेवतात."

सरकारांना ते पटलं. ते ऐटीत बसले. इंजिन सुरू झालं. समुद्राकडचा वारा खाडीवर आडवा वाहत होता. इंजिनामागून निघणारा निळसर धूर तो तसाच उचलून नेत होता. समोर निळं पाणी, बगळे, पलीकडचं देऊळ. सरकार चक्क गुणगुणायला लागले! पलीकडे गेले, परत आले. इंजिन एकदाही अडखळलं नाही.

"वा! धुराचा मागमूस नाही!" म्हणत सरकार उठले, वळले आणि थबकले. "अरे! हा काय धूर!"

"आहे की!" सुगंधा म्हणाली. "पण तुम्हाला दिसला का? तुमच्या पाठीमागे काय चालतं, ते तुम्हाला कधी दिसलंय, सरकार?"

जनार्दननं डोळेच मिटून घेतले.

"मला फसवतेस?" सरकार कडाडले. "तेल किती घातलंस?"

सुगंधानं इंजिनाचं झाकण काढलं. आतल्या पत्र्यावर कंपनीनं कोरलेल्या सूचनेवरची काजळी तिनं आदल्या दिवशीच पुसून ठेवली होती. "वाचा ना. पंचवीस भाग पेट्रोलला एक भाग तेल. म्हणजे या डब्याला दोन पळ्या. नव्या इंजिनांना निम्मं पुरतं, या म्हाताऱ्याला नाही. पेट्रोलमधून मिळेल तेवढंच तेल याच्या पोटात जातं. कमी पडलं की पिस्टन कोरडा घासतो आणि अडकतो."

"मग दोनाची एक पळी केली कुणी?" सवयीनं सरकार गरजले.

कुणी आभाळाकडे बघितलं, कुणी टोपलीतल्या माशांकडे. सुगंधानं चांदीची पळी पदरानं पुसली आणि दोन्ही हातांनी सरकारांपुढे धरली.

सरकारांनी पळीकडे बघितलं. मग जानव्याच्या किल्लीकडे. मग पुन्हा पळीकडे. आणि एकदम असे खदाखदा हसले, की होडी डुलायला लागली!

"चोर सापडला म्हणायचा!" त्यांनी जानव्याची किल्ली सोडून सुगंधाच्या हातात ठेवली. "पळी तुझी, कपाट तुझं. आजपासून तेल तू घालायचंस. आणि जनार्दन, हातपाय चालतायत तोवर होडी तुझी! माझी खुर्ची मात्र पुढेच राहू दे."

सगळा धक्का हसत होता. फक्त टोपलीत बांगडे घेतलेली कोळीण जनाक्का अजून विचारातच होती.

"सरकार," ती म्हणाली, "उद्यापासून म्हयनाभर वल्हवूक येतलात, तर जरा बेगीन येवा. माझे बांगडे काय थांबाचे नाय."