हैबतीचा नवा काटा

“पण बुवा, पेटी आज देणार की नाही?”

केवळपुरी बुवा ओट्यावर हिरडे वाळत घालत होते.

हैबती सात वर्षं त्यांच्या मठात वैद्यकी शिकत होता. पहिलं वर्ष तर नुसतं गुंजा निवडण्यात गेलं होतं. शेकडो गुंजांतून अगदी सारख्या भराच्या चाळीस. मठात वजनं तीच.

आता त्याचा थोरला भाऊ गावाकडे आठ दिवस तापानं पडून होता. त्याच्यावरचं औषध बुवांच्या शिसवी पेटीत होतं.

त्या पेटीतली औषधं जहाल. मात्रा रोग्याची नाडी बघून तिथंच तोलायची. गुंजभर जास्त झाली, तर रोगी उरत नाही. बुवांना आता गाडीचे धक्के सोसत नव्हते, आणि ज्याला तोलता येत नाही त्याच्या हाती ते पेटी देत नसत.

बाहेरून भिवा गाडीवान ओरडला, “अहो वैद्य, निघा की! बैल म्हातारे व्हायला लागले!”

“तिथं कशावर तोलशील?” बुवांनी विचारलं.

हैबती याच प्रश्नाची वाट बघत होता. त्यानं फडक्यातून पितळी काटा काढला. कानातली भिकबाळी मोडून तो शहरातून आणवला होता.

काटा खुंटीला टांगला. रिकामी पारडी स्थिर झाली. दांडी अगदी सरळ.

“बघा.”

“बघितलं. आता हा हिरडा तोल.”

श्वासानं पारडं हलू नये म्हणून हैबतीनं तोंडाला पंचा बांधला. डाव्या पारड्यात हिरडा. उजव्यात गुंजा, एकेक करून.

“चौतीस.”

बुवांनी आपला काटा काढला. दांडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. पारडी रिकामी असतानाच एका अंगाला झुकलेली.

हैबतीला हसू आलं. “बुवा, हा तर न जेवताच कलंडलाय.”

“हो,” बुवा म्हणाले.

त्यांनी हिरडा डावीकडे ठेवला. पस्तीस गुंजा लागल्या. मग हिरडा उजवीकडे, गुंजा डावीकडे. एकतीस लागल्या.

“मधला आकडा तेहतीस,” बुवा म्हणाले.

“चौतीस. माझ्या काट्यात खोट नाही.”

“बाजू बदल.”

“कशाला? तुमचा वाकडा, म्हणून तुम्हाला दोनदा तोलावं लागतं. माझा सरळ आहे. तुम्ही स्वतः बघितलात.”

“रिकामा बघितला.”

...

हैबतीनं रागानंच हिरडा उजव्या पारड्यात टाकला. डावीकडे चौतीस गुंजा घातल्या. गुंजांचं पारडं खाली गेलं.

एक काढली. तरी खालीच.

आणखी एक काढली. दांडी सरळ झाली.

बत्तीस.

त्यानं गवताची काडी घेऊन दांडी मोजली. मधल्या खिळ्यापासून डावं टोक. मधल्या खिळ्यापासून उजवं टोक. डावी बाजू जवाच्या जाडीएवढी लांब होती; रिकामी दांडी सरळ दिसावी म्हणून डावं पारडं तेवढंच हलकं ठेवलेलं.

“येताय, की बैल सोडू?” बाहेरून भिवा.

“सोड.”

“आँ? आणि थोरले दादा?”

“त्यांच्यासाठीच. सोड बैल.”

हैबती खाली बसला. बेहडा तोलला. सुपारी तोलली. चिंचोका तोलला. एकेक वस्तू आधी या बाजूला, मग त्या बाजूला. आलेला आकडा कोळशानं भिंतीवर लिहायचा. सुपारीचा आकडा दुसऱ्या खेपेला जुळला नाही. तो पुसून त्यानं ती पहिल्यापासून तोलली. मध्येच भावाचा चेहरा आठवला. त्यानं पुढची गुंज उचलली.

ऊन ओट्यावरून पायरीवर उतरलं.

शेवटी त्यानं तोंडाचा पंचा सोडला आणि बुवांसमोर जाऊन उभा राहिला.

“बुवा, माझा काटा खोटा आहे. किती खोटा, ते भिंतीवर लिहिलंय.”

बुवांनी भिंतीकडे बघितलं नाही. पेटी उचलली आणि त्याच्यापुढे ठेवली.

हैबतीनं हात लावला नाही.

“सकाळी मागत होतो, तेव्हा दिली नाहीत. आता मीच काटा खोटा म्हणतोय, तर देताय?”

बुवा पुन्हा हिरड्यांकडे वळले होते.

“सकाळी तुझा काटा खरा होता.”